तोरणमाळला कुडाच्या घरात राहिलो: खोली झकास, पण चूल कुठाय?

रात्रीचे १५०० रुपये, जेवण वेगळं, संडास-बाथरूम खोलीच्या बाहेर, लाईट म्हणजे सोलरवरचा एक बल्ब, टीव्ही नाही, वायफाय नाही, आणि मोबाईलला रेंज आली तर आली. एवढं ऐकल्यावर आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या की अगं एवढ्या पैशात तर शिर्डीला एसी रूम मिळते. मिळते ना काकू, पण मला एसी रूम नकोच होती. ज्यांना हवीय त्यांनी हा रिव्ह्यू इथेच सोडला तरी चालेल, उगाच तिकडे जाऊन त्या गरीब घरमालकाला शिव्या घालू नका.

आम्ही जळगावचे. मी, आमचे हे, नववीतला मुलगा आणि सासूबाई. जानेवारीत जोडून सुट्ट्या आल्या म्हणून डोंगरात कुठंतरी राहू असं ठरलं. सातपुड्यातलं पाल झालेलं होतं, चाळीसगावजवळची पाटणादेवी तर दर श्रावणात असतंच, म्हणून यावेळी सातपुड्यातलंच, पण नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ. घराचं नाव आणि नंबर मी टाकत नाहीये, कारण मालकानेच सांगितलं की ताई टाकू नका, दोनच खोल्या आहेत, फोन लागत नाही, लोक येऊन उभे राहतात आणि मग मलाच वाईट वाटतं. गावात पोचल्यावर कुणालाही विचारा की पावरा (म्हणजे इथले आदिवासी) घरात राहायची सोय कुठंय, सांगतात.

आधी जरा पार्श्वभूमी, म्हणजे माझं डोकं का तापलेलं होतं ते कळेल. मागच्या वर्षी एका ठिकाणी (इथलं नाही, दुसरीकडचं, नाव घेत नाही) 'रस्टिक बांबू कॉटेज' म्हणून फोटो बघून बुकिंग केलं होतं. गेलो तर सिमेंटची भिंत, तिच्यावर बांबूचा रंग मारलेला, गाठी सुद्धा ब्रशने काढलेल्या. छप्पर पत्र्याचं आणि वरून नुसतं गवत पसरलेलं. दुपारी त्या खोलीत पापड भाजून निघाले असते. तेव्हापासून गावठी, रस्टिक, नॅचरल असले शब्द दिसले की मी आधी भिंतीवर टकटक करून बघते. इथं पण केलं. इथं भिंत खरी निघाली, म्हणून तर एवढं लिहून राहिले.

रस्त्याचं थोडक्यात. जळगाव-चोपडा-शिरपूर-शहादा असं गेलो, म्हणजे तो बऱ्हाणपूर-अंकलेश्वरचा रस्ता, त्याबद्दल खान्देशातल्या माणसाला मी नवीन काय सांगणार, कंबर तुमची आहे आणि रस्ता पण तुमचाच आहे. शहाद्यापर्यंत केळी, ऊस, पपई, कापूस असं सगळं सपाट. शहाद्याला डिझेल भरून घ्या आणि एटीएममधून कॅश काढून घ्या, पुढं कशाचाच भरवसा नाही. तिथून म्हसावदवरून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. ह्यांना वाटलं तासाभरात टेकू, पण शेवटचा सातपायरी घाट असा आहे की फर्स्ट-सेकंडच्या वर गिअर जात नाही, एका वळणावर खालच्या वळणाचा रस्ता थेट पायाखाली दिसतो. सासूबाई पूर्ण घाटभर डोळे मिटून गोरखनाथाचं नाव घेत होत्या. अंधार पडायच्या आत घाट चढा, हे मनापासून सांगते. शहाद्याहून एसटी पण आहे, आणि खरं सांगू तर एसटीचा ड्रायव्हर तो घाट आपल्यापेक्षा शंभर पट बरा चालवतो.

आता घर. सागाचे खांब, त्यांच्यामध्ये बांबूच्या कामट्या विणून केलेला कुड, त्याला दोन्ही बाजूंनी शेण-मातीचं लिंपण, वर नळीची कौलं, खाली सारवलेली जमीन. दार बुटकं, ह्यांचं डोकं दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा वाकायला शिकले. खिडकी म्हणजे कुडातच ठेवलेली हातभर जागा, तिथं लिंपण केलेलंच नाही, नुसत्या कामट्या, त्यामुळे सकाळी उन्हाची जाळी जमिनीवर पडते. आत दोन खाटा, एक दोरी कपड्यांना, एक माठ, कोपऱ्यात गोधड्यांची चळत. बस. लिंपणावर हाताच्या बोटांचे अर्धगोल वळ तसेच ठेवलेत, सासूबाईंनी आल्या आल्या त्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, सारवणारी डावरी दिसते. मालकीणबाईंना विचारलं तर खरंच डावऱ्या. मी बघतच राहिले, मला आयुष्यात कळलं नसतं.

सासूबाईंचं माहेर पारोळ्याकडचं, धाब्याचं घर. त्यांचं सुरूच झालं, आपला गावमा बी असंच घर व्हतं. मुलगा म्हणे आजी असंच कसं, तुमचं छप्पर तर सपाट होतं ना. मग बसून त्याला समजावलं त्यांनी. खाली खान्देशात पाऊस बेताचा, लाकूडही विकतचं, म्हणून जाड मातीच्या भिंती आणि वर सपाट धाबं, पावसाळ्याआधी त्याच्यावर खारी माती टाकायची की झालं, उन्हाळ्यात आत गार आणि रात्री वर झोपायला जागा. इथं डोंगरात पाऊस धो धो, धाबं टिकलंच नसतं, म्हणून उतरती कौलं. आणि बांबू-साग दारात, म्हणून कुड. मालक ऐकत होते, ते म्हणाले आजी बरोबर बोलून राहिल्या, फक्त वानरांचं सांगायचं राहिलं, दर वर्षी पावसाआधी कौलं शाकारायची आणि दर वर्षी वानरांनी नाचून फोडायची. हे असं बोलणं कुठल्या रिसॉर्टच्या रिसेप्शनवर ऐकायला मिळणार सांगा.

आता मुख्य गोष्ट, जी मला कुणीच आधी सांगितली नव्हती. सकाळी उठले तर गोधडीवर पिवळसर पावडर पडलेली, बेसन भुरभुरावं तशी बारीक. झटकली. दुपारी परत. रात्री सगळं शांत झाल्यावर कान दिला तर वरच्या बांबूतून कर्रकर्र बारीक आवाज. भुंगा लागलेला. मालकांना बोलावलं, तर ते बिचारे आधीच ओशाळलेले, म्हणाले ताई माहितीय, आमच्या घरात चला, तिथं दाखवतो. त्यांचं स्वतःचं घर पन्नास पावलांवर, तसंच कुडाचं, पण वय विचाराल तर त्यांच्या वडलांच्या काळातलं, आणि वरचे बांबू काळेकुळकुळीत, चकाकणारे, एकाला भोक नाही. कारण काय, तर चूल. घरात सकाळ-संध्याकाळ चूल पेटते, धूर वर जातो, कौलांच्या फटीतून बाहेर पडतो, जाता जाता बांबूला असा मुरवतो की कीड जवळ येत नाही. धुरानेच घर टिकतं. पाहुण्यांच्या खोलीत चूल नाही. का नाही, तर सुरुवातीला होती म्हणे, पण येणाऱ्या लोकांनी तक्रार केली की धूर होतो, डोळे चुरचुरतात, कपड्यांना वास येतो. काढून टाकली. आणि दोन पावसाळ्यांत बांबू पोखरायला लागला.

त्यात त्यांनी अजून एक सांगितलं, बांबू कधी कापायचा याचं पण गणित असतं. पावसात कापला तर त्यात गोडवा जास्त, भुंग्याला तोच आवडतो. दिवाळीनंतर कापायचा, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात, असं त्यांचे वडील करायचे. अंधाऱ्या पंधरवड्याचं मला माहीत नाही बुवा, पण पावसात बांबूत साखर जास्त असते हे पटण्यासारखं आहे. पाहुण्यांची खोली सीझन गाठायचा म्हणून घाईत बांधली, जो मिळाला तो बांबू लावला. म्हणजे बघा, घर एकदम अस्सल बांधलं, माती अस्सल, साग अस्सल, कौल अस्सल, आणि आपल्यासारख्यांच्या सोयीसाठी नेमकी एकच गोष्ट काढली, तर सगळं घरच आतून भुसभुशीत व्हायला लागलं. मी त्यांना सांगितलं की दादा चूल परत घाला, ज्याला धूर नको त्याने येऊ नये. ते हसले नुसते. त्यांचं पोट त्यावर आहे, माझं बोलायला काय जातं. पण निदान ज्या दिवशी खोली रिकामी असते त्या दिवशी तरी आत शेकोटी-धुरी करावी असं माझं मत, आणि पाहुण्यांना आधीच सांगावं की बाबांनो दोन तास धूर राहील. ज्यांना खरंच असल्या घरात राहायचंय ते नाही म्हणणार नाहीत.

तर मग आम्ही काय केलं, झोपायला खोलीत आणि बाकी सगळा वेळ मालकांच्या स्वयंपाकघरात. सासूबाई तर चुलीजवळून हललेल्याच नाहीत. थंडी पण तशीच होती म्हणा. आठे ते भलती थंडी शे, असं दर दहा मिनिटांनी म्हणायच्या आणि अजून चुलीकडे सरकायच्या.

आम्ही घरून बामणोदची भरिताची वांगी घेऊन गेलो होतो, जानेवारी म्हणजे भरिताचे दिवस, त्याशिवाय आमच्याकडे कुणी घर सोडत नाही. ती हिरवी पांढरट मोठी वांगी बघून मालकीणबाई हसायलाच लागल्या, म्हणाल्या हे वांगं आहे का भोपळा. आता जळगावात भरीत म्हणजे वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, तो वास वेगळाच. वर कपाशी कुठली, म्हणून चुलीतल्या निखाऱ्यांवर भाजली, सावकाश, उलटत पालटत, साल काळी होऊन फुटेपर्यंत. सासूबाईंनी नाक मुरडलं होतं, काडीचा वास येणार नाही म्हणून. मग हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळं ठेचून झालं आणि मालकीणबाईंनी मूठभर आमचूर टाकला वरून, विचारलं पण नाही. मी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. भरितात आमचूर! आमच्याकडे कुणी टाकत नाही. पण हा आमचूर म्हणजे पुडीतला नव्हता, उन्हाळ्यात कैऱ्यांच्या फोडी करून दगडावर वाळवतात तो, धडगावच्या बाजारात हाच विकायला जातो. सोबत मक्याची भाकरी, उडदाची डाळ. सासूबाईंनी दोनदा भरीत घेतलं आणि वर सांगितलं, पुढल्या सालले मी बी टाकसू. माझ्या हातच्या भाजीला आजवर एवढी दाद मिळालेली नाही, तो विषय वेगळा.

जेवणाचे माणशी २०० रुपये, कोंबडी असली तर वेगळे, आणि जे शिजेल ते. मेनू नाही. भगरीचा भात एकदा झाला, तो उपवासाच्या भगरीसारखा गिचका नव्हता, मोकळा होता. शेवभाजी मागू नका, मिळणार नाही, ती शहाद्याला खाऊन या. मुलाने मॅगी आहे का विचारलं, मी डोळे वटारले, पण त्यांच्याकडे मॅगी होतीच. गावात चहाच्या टपरीवर सगळं मिळतं.

बाथरूमबद्दल नीट लिहिते कारण बायका तेच आधी विचारतात. खोलीपासून वीस-पंचवीस पावलांवर, तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला दार, आतून कडी आहे आणि ती लागते. संडास भारतीय पद्धतीचा, स्वच्छ होता, पाणी ड्रममध्ये भरून ठेवलेलं. आंघोळीचं पाणी बाहेर तीन दगडांवर पातेल्यात तापवून देतात, आधी सांगायचं, म्हणजे एकामागून एक मिळतं. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना अवघड आहे, सासूबाईंसाठी आम्ही प्लास्टिकची खुर्ची मधलं भोक कापून नेली होती, हसू नका, भारी काम झालं. रात्री जायचं तर टॉर्च हवाच, मोबाईलचा नको, चांगला हातात धरायचा. आणि चप्पल घालायच्या आधी झटका, विंचू असतात. आम्हाला दिसला नाही पण मालकांनी न विसरता सांगितलं, याचं मला बरं वाटलं.

उंदीर आहेत. कौलांवरून धावतात. पहिल्या रात्री मी जागी होते, नंतर सवय झाली. खायचं काही खोलीत उघडं ठेवू नका, आमचा चिवड्याचा पुडा कुरतडला. सोलरचा बल्ब रात्री अकराच्या आसपास मंद होत होत जातो. चार्जिंगचा पॉईंट मालकांच्या घरी, तिथं सगळ्यांचे फोन एका ओळीत लागलेले, त्यामुळे पोरगं दिवसभर फोनशिवाय होतं आणि मेलं नाही.

हवेबद्दल लोक उगाच वाढवून सांगतात म्हणून हे सांगते. तोरणमाळ अकराशे मीटरच्या वर आहे, जळगाव दोनशेच्या आसपास. पोराने भूगोलाचं पुस्तक काढून हिशोब केला, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे फरक सहा अंशांच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे ४४ असताना तिथं दुपारी ३८, हे काही महाबळेश्वर नाही. रात्र मात्र मस्त असणार. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हा हिशोब डोक्यात ठेवून जा. जानेवारीत उलट गोष्ट, सातपुड्यात तिकडे डाब वगैरे भागात दव गोठल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, त्या खोट्या नाहीत. कुडाच्या भिंतीतून बारीक वारा येतो, कानटोपी घालून झोपलो. गोधड्या भरपूर देतात, जड, जुन्या लुगड्यांच्या, पण स्वतःचं एक ब्लँकेट न्या. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो आणि सीताखाईचा धबधबा तेव्हाच बघण्यासारखा, पण घाटात दरडी येतात, आणि कुडाचं घर तेव्हा ओलसर असतं असं मालक स्वतःच म्हणाले. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा असते, महाराष्ट्र-मध्य प्रदेश-गुजरात तिन्हीकडचे लोक येतात, तेव्हा खोलीची आशा सोडा.

बघायचं म्हणाल तर यशवंत तलाव, कमळ तलाव, मच्छिंद्रनाथाची गुंफा, सीताखाई, खडकी पॉईंट, सगळं नेटवर आहे, मी परत लिहीत नाही. एकच, आम्हाला ज्या एजंटाने बुकिंग करून दिलं त्याने खोलीतून तलाव दिसतो असं छातीठोक सांगितलं होतं. दिसत नाही. चालत पंधरा मिनिटं आहे. मालकांना विचारलं तर त्यांनी असं कधी सांगितलंच नव्हतं, उलट त्या एजंटाने आमच्याकडून १५०० घेतले त्यातले मालकाच्या हातात किती पडतात ते ऐकून ह्यांचा पारा चढला. आकडा लिहीत नाही, त्यांनी विश्वासाने सांगितला. पण जाणार असाल तर मधल्या माणसाला टाळा, शहाद्याहून सरळ वर या, सुट्टीचे दिवस सोडून या, आणि पैसे हातात द्या. यूपीआय रेंजवर अवलंबून आहे, म्हणून कॅश.

मालक माणूस म्हणून एक नंबर. घरात आपसात पावरी बोलतात, आपल्याशी मराठी-हिंदी मिसळून. उगाच मागे मागे करत नाहीत, उगाच नाच-गाणं दाखवू का असंही विचारत नाहीत. हे मला फार आवडलं. लहान पोरं आधी लाजली, मग आमच्या पोराला झाडावर चढायला शिकवत होती आणि याला येत नव्हतं म्हणून खो खो हसत होती. कृपया पोरांना चॉकलेटं वाटत आणि फोटो काढत सुटू नका, आमच्या शेजारच्या खोलीतली मंडळी तेच करत होती, मालकीणबाईंच्या कपाळावर आठी मी बघितली.

मार्क द्यायचे तर घराला साडेचार, जेवणाला पाच, बाथरूमला तीन, एजंटाला शून्य. घराचा अर्धा मार्क चुलीपायी गेला. ती परत घातली तर मी स्वतः येऊन तो देईन, आणि धुराची तक्रार करणाऱ्याला सासूबाईंच्या तोंडी देईन.

शेवटचं, गाडी दारापर्यंत जात नाही. गावाच्या रस्त्यावर एका बाजूला लावायची, तिथून दगडगोट्यांची पायवाट आहे, सामान हातात. पाठीवरची बॅग आणा. आम्ही चाकांची मोठी सुटकेस नेली होती, ह्यांनी हट्टाने ती ओढत आणली, अर्ध्या वाटेत एक चाक निघालं आणि पुढं मालकांच्या धाकट्या पोराने ती डोक्यावर घेऊन, गाणं म्हणत, आमच्या आधी पोचवली.